पगार पुरतो, पण वाणसामान मापात आण

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पैसे महिनाअखेरीपर्यंत पुरत नाहीत म्हणून दूध आणि फळं बंद करतो म्हणालास. तसं अजिबात करू नकोस. तुझे पैसे पोटात जात नाहीत, ते फ्रीजमध्ये नासणाऱ्या भाजीत आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पाकिटांत जातात. रात्री दमून आल्यावर मागवलेलं जेवण तर सगळ्यांत महाग.

आधी तुम्हा दोघांचं माप धर. एक किलो कणकेच्या साधारण ३० पोळ्या होतात. दिवसाला १२ धरल्या तर महिन्याला १२ किलो गहू लागतो. तांदूळ रोज एक वाटी, म्हणजे चार किलोच्या आसपास. तूरडाळ रोज अर्धी वाटी, म्हणजे दोन किलो. तेल एक ते दीड लिटर. ही यादी पहिल्या महिन्यात थोडी चुकेलच. महिना संपताना डब्यात काय उरलं ते बघ आणि तेवढं पुढच्या यादीतून कमी कर.

पाकिटातली कणीक घेण्यापेक्षा लोकवन गहू घे आणि गिरणीतून पाच-पाच किलो दळून आण. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, तेव्हा भाव बरा असतो. पण वर्षाची बेगमी करू नकोस. पुण्याच्या पावसाळ्यात बंद फ्लॅटमध्ये ओल धरते आणि पोरकिडे होतात. एका वेळी २५-३० किलो पुरेत. गहू एक दिवस कडक उन्हात घाल आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. गरम धान्यावर झाकण लावलं की आत घाम धरतो आणि कीड त्यातच वाढते. दळणाचंही तसंच. गिरणीतून आलेली कणीक गरम असते. ती परातीत पसरून ठेव, नाहीतर गुठळ्या होऊन जाळी धरते. तूरडाळीला किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळून ठेव. शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुतली की वास राहत नाही.

तेलाची पिशवी घेताना किमतीआधी वजन वाच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण दिसायला तेवढीच असणारी पिशवी कधी ८५० ग्रॅमची निघते, तर कधी ८०० ची. पाकिटावर एमआरपीशेजारी दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो. तुलना त्याच भावाची करायची.

भाजीसाठी मार्केट यार्डात जाऊ नकोस. दोघांच्या भाजीत जे वाचेल ते पेट्रोलमध्ये जाईल. जवळच्या मंडईतून आठवड्यातून दोनदा आण. पालेभाजी आणलेल्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी संपव. दुधी, कोबी, गाजर मागे राहिले तरी चालतात.

गॅस वाचवायचा असेल तर डाळ अर्धा तास भिजव. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, एकाच वेळी लाव आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक कर. भसाभसा शिट्ट्या होणं म्हणजे गॅसची वाफ करून सोडणं. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं सुईने साफ कर. सिलिंडर घेताना तो वजन करून माग. त्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळव आणि काट्यावरचा आकडा जुळतो का बघ.

विजेचं मात्र नीट समजून घे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून वाचवलेलं प्रत्येक वरचं युनिट महागातलं असतं. तुझा गिझर २,००० वॉटचा आहे. अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. पाणी तापायला १५ मिनिटं पुरतात, मग बटण बंद कर. रोजचा तेवढा फरक महिन्याला १५ युनिट होतो. साधा पंखा ७५ वॉट खातो. रोज दहा तास चालवला तर महिन्याला २२ युनिट. बीएलडीसी पंख्याला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याला, त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतात. घरमालक पंखे बदलणार असतील तर तो बसवायला सांग. स्वतःच्या पैशाने भाड्याच्या घरात बसवायचा तर घर सोडताना उतरवून न्यायचा, हे आधी ठरवून घे.

घरपोच सामान मागवताना वर लावलेलं शुल्क बघ. डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून दोनशेचं नको असलेलं सामान घेतलं जातं, आणि बिस्किटं-वेफर्स त्यातूनच घरात येतात. रात्रीच्या जेवणासाठी रविवारी दोन वाट्या मोड आलेले मूग आणि वाटण करून फ्रीजमध्ये ठेव. वीस मिनिटांत उसळ होते, मग मागवायचा मोह होत नाही.

वहीत चारच रकाने कर: वाणसामान, भाजी-दूध, बिलं, बाहेरचं खाणं. लिहायचं त्याच रात्री. आठवड्याने आठवत बसलास तर किरकोळ खर्च सुटतात, आणि नेमके तेच जास्त असतात. एक तारखेला विजेच्या मीटरचा आकडाही त्याच पानावर टाक आणि फोटो मला पाठव. वाणसामानाची पुढची यादी आपण फोनवर मिळून करू.

तुझी,
आई