मधल्या खोलीतल्या एसीबद्दल, रागावण्याआधी

विनिपेग, कॅनडा, एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर हा विषय काढला की बाबा क्रिकेटवर जातात आणि आई "जेवलास का" विचारते, म्हणून लिहायला बसलो. मंगळवारी सकाळी दोन माणसं येतील आणि मधल्या खोलीत एसी बसवून जातील. पैसे भरून झालेत, स्टॅबिलायझर त्यातच आहे, आणि आता तो परत करता येत नाही. ताईलाही विचारलं होतं, ती हो म्हणाली. तेव्हा तिला फोन करून फितवू नका.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. राजा मानसिंगाला कुठे एसी लागला होता? ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर त्याच्या मानमंदिर महालाच्या तळघरात उतरवून भिंतींतले हवेचे मार्ग तुम्हीच तर आम्हाला दाखवले होते. वर लू वाहत होती आणि खाली आम्ही गारव्यात पळापळी खेळत होतो. पण मानसिंग तोमराकडे अख्खा डोंगर होता. आपल्याकडे दौलतगंजातलं दगडी पटियांचं छत आहे. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री सोडतो. पूर्वी रात्री हवा गार व्हायची, आपण खिडक्या उघड्या टाकून गच्चीवर झोपायचो, आणि पहाटेपर्यंत घर निवायचं. आता रात्रीही उकडतं, आणि शेजारी ती तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून वारा बंद झालाय तो वेगळाच. दगड निवायच्या आधीच पुन्हा सूर्य डोक्यावर. शिवाय तिच्या सगळ्या एसींची गरम हवा आपल्या अंगणात येते. आता आपलीही कुणाच्या तरी खिडकीशी जाणार, हे मला कळतं आणि बरं वाटत नाही. तरी बसवतोय.

कूलरला मी नावं ठेवत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो खरंच काम करतो. जाळीतल्या ओल्या गवतातलं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण पहिला पाऊस पडून गेला की हवाच ओली. मग ते पाणी उडणार कुठे? जुलैत कूलर नुसता दमट वारा फेकतो. अंगातल्या घामाचंही तेच गणित आहे, आणि वय झालं की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. त्यात बाबांची ती बीपीची, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. मागच्या जूनमध्ये जिन्यात जे झालं त्याला तुम्ही "जरा टेकलो होतो" म्हणता. बरं, टेकला होतात. आईने ते मला आठवड्याने सांगितलं, त्याबद्दलही मी काही म्हणत नाही.

आई, तुझा जीव माझ्या थंडीत अडकलेला असतो. उणे ३० ऐकलं की तू देव पाण्यात ठेवतेस. पण इथे थंडी दाराबाहेर असते. घरात भट्टी चालू, वीस-एकवीस अंश, मी बनियनवर पोळ्या लाटतो. दारं दुहेरी, खिडक्यांच्या काचासुद्धा. गाडीच्या इंजिनालाही रात्री विजेचा हीटर लावून ठेवतात, नाहीतर सकाळी ती हलत नाही. म्हणून ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा प्लग असतात. बाहेर फार वारा असला की उघडी कातडी काही मिनिटांत गोठते, हे खरं, पण तसं असेल तर हवामान खातं आधीच सांगतं आणि मग कुणी शौर्य दाखवत नाही. आत लोकर घालायची, सुती नाही, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग अंग गारठतं. तू विणलेला तो राखाडी स्वेटर अगदी अंगालगतचा असतो, जरा टोचतो, पण असतो.

खरा मी गारठलो तो मागच्या जानेवारीत, आपल्या घरी. बाहेर कोहरा, घरात अकरा अंश, आणि तुम्ही दोघं शाल पांघरून सिगडीभोवती गजक खात बसलेले. मला ते दृश्य फार आवडलं होतं, आणि रात्री झोप लागली नाही, कारण दार-खिडक्या लावून ती सिगडी खोलीत ठेवलेली. कोळशाच्या धुरातला जो वायू मारतो त्याला वास नसतो, आई. माणूस झोपेतच जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की थंडीत घरात निदान १८ अंश हवेत, म्हाताऱ्या माणसांना त्याहून थोडे जास्तच. म्हणून मी 'हॉट अँड कोल्ड'वाला घेतलाय. तेच यंत्र हिवाळ्यात उलटं चालतं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतं. म्हणजे बाबांचा "तीन महिन्यांसाठी एवढा खर्च" हा मुद्दाही गेला.

आता एक जे फोनवर बोलवत नाही. २०२१ च्या जूनमध्ये इथून पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियात, उष्णतेची लाट आली. लिटन नावाच्या गावात २९ तारखेला ४९.६ अंश झालं. कॅनडात! दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जळालं. त्या लाटेत प्रांतात ६१९ माणसं उष्णतेने गेली, आणि जवळजवळ सगळी घरात. उन्हात फिरताना नव्हे, आपल्याच खोलीत. बहुतेक वयस्क, बरीच एकटी राहणारी, घरी एसी नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार गेली, तेव्हा तर कित्येकांची मुलं सुट्टीवर होती. तेव्हापासून तिथल्या नगरपालिकांकडे एकट्या वृद्धांची यादी असते. लाट आली की फोन करून विचारपूस करतात. हे वाचलं तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

तुम्ही एकटे आहात असं मला म्हणायचं नाही. पण मी जवळ नाही, आणि मे-जूनमध्ये रजा मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून मीही माझी यादी केली आहे: शेजारच्या काकू दुपारी तीनला डोकावून जातील. त्यांना चहासाठी बसवून घेऊ नका, त्या दुपारी आराम करतात.

गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारायला मिस्त्रीला सांगितलंय, म्हणजे छत कमी तापेल. हे खूळ माझं नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ ला गेला, फार माणसं दगावली, आणि २०१३ पासून तिथे उन्हाळ्याचा आराखडाच आहे. पुढे त्यात गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करणंही आलं.

परीक्षेला जाताना आई खिशात कांदा घालायची, आठवतं? सगळा पेपर कांद्याच्या वासात. आणि संध्याकाळी बाबा गच्चीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचे, तो ओल्या दगडाचा वास यायचा, आणि मी मुद्दाम दोघांच्या मध्ये लोळायचो. तेव्हा मला उकडू नये म्हणून तुम्ही आळीपाळीने पंखा हलवायचात. तुम्हाला वाटायचं मी झोपलोय.

तर आता ऐका. एसी २६-२७ वर, सोबत छताचा पंखा हळू. दुपारी बारा ते पाच मधल्या खोलीतच बसायचं, पेपर तिथेच वाचायचा. तहान नसली तरी पाणी, पन्हं, ताक. पन्ह्यात साखर मात्र बेताची, आई. मीठ किती चालेल आणि उन्हाळ्यात गोळीचा डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून गोळी बंद करायची नाही. बाबा कधी असंबद्ध बोलू लागले, किंवा अंग तापून लाल झालं, तर क्रोसिन देत बसू नकोस, तिचा उपयोग नसतो. अंगावर गार पाणी, काखेत बर्फ, पंखा, आणि लगेच १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे सगळं मी मोठ्या अक्षरांत छापून पाठवतोय, फ्रिजवर लाव. बाबा, "फ्रिज खराब दिसतो" म्हणून काढू नका.

विजेचं बिल माझ्या फोनवर येतं आणि मीच भरतो. जिन्याखाली जाऊन मीटर बघायचं नाही. बंद ठेवून पैसे वाचवलेत तर ते बिलात दिसेल, हेही लक्षात असू द्या.

रिमोट आईकडे.

तुमचा,
धाकटा