खांदेरीला भरती कधी, ते तरी कुणी सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन अलिबागजवळच्या समुद्रातल्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याला जाऊन आलो, म्हणजे शेवटी पोचलो एकदाचे. बाबांचं वय बहात्तर, अलिबागच्या किनाऱ्यावरून रात्री तिथल्या दीपगृहाचा दिवा लुकलुकताना लहानपणापासून बघत आलेत, पण बेटावर पाय कधी ठेवला नव्हता. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरीचं नाव ऐकल्यापासून घरात रोज तोच विषय.

पेणहून पहाटे निघून नऊला थळच्या किनाऱ्यावर हजर झालो तर होड्या चिखलात बसलेल्या. एक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, म्हणाला, "काका, सुकती लागलीय, पानी येऊ द्या, दुपारी बगू." सुकती म्हणजे ओहोटी. आता हे आम्हाला कुणी सांगायचं? किनाऱ्यावर मोठा फोटो लावलेला स्वागताचा फलक आहे पण भरतीची वेळ नाही, भाडं किती ते नाही, काहीच नाही. तीन होड्यांना विचारलं, तीन दर आले. त्यांना मी दोष देत नाही, माणसं भरली नाहीत तर डिझेलचे पैसे कुठून निघणार? पण बाबा चार तास त्या वाळूत एका टपरीच्या सावलीला बसून होते, दोन चहा आणि पेपर तीनदा वाचून झाला.

बेटावर उतरल्यावर मात्र सगळा शीण गेला हेही खरं. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, मोठमोठी जहाजं घेऊन बेट अडवायला आले, पण महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या माणसांनी छोट्या होड्यांतून रात्री सामान पोचवत बांधकाम चालूच ठेवलं. पुस्तकात वाचून हे कळत नाही हो, होडीतून येताना उथळ पाणी आणि खडक बघितले की मोठ्या जहाजाची काय पंचाईत झाली असेल ते पटतं. समोरच उंदेरी हे दुसरं बेट, ते 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावलं, दोन शेजारी एकमेकांकडे तोफा रोखून बसल्यासारखे!

दीपगृह 1867 चं, आठकोनी, साधारण 25 मीटर उंच, आणि अजून चालू आहे. प्रत्येक बोटीवर जीपीएस आलं तरी तांडेल म्हणाला की रात्री परत येताना नजर आधी दिव्याकडेच जाते. आम्ही गेलो त्या दिवशी वर सोडलं नाही, ड्युटीवरच्या माणसाने अगदी नीट बोलून सांगितलं की आज जमणार नाही, त्याचा काय दोष. बाबा खालूनच मान वर करून बघत राहिले. वर कधी सोडतात ते थळलाच कळलं असतं तर त्या हिशोबाने आलो असतो.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. तिथे एक खडक आहे, दगडाने ठोकला की भांड्यासारखा टणटण वाजतो. येणारा प्रत्येक जण ठोकतो, त्यामुळे त्याच्यावर बोटभर खोल खळगे पडलेत, आतून पांढरट. आमच्यासमोर एका पोराने दहा-बारा घाव घातले आणि वडील व्हिडिओ काढत होते. (एकदा हळूच मीही वाजवला, खोटं कशाला बोलू.) पलीकडे गाड्यावरच्या जुन्या तोफा आहेत, त्यांच्यावर चढून सेल्फी चाललेलेच. कोळी बांधव वेताळाच्या देवळात चप्पल काढून जातात आणि आम्ही शहरातली माणसं असं वागतो.

मोठमोठ्या योजनांच्या बातम्या वाचतो, त्या होतील तेव्हा होवोत. आत्ता थळला एक साधा फळा लावा, त्यावर रोज खडूने भरती-ओहोटीची वेळ, ठरलेलं भाडं, दीपगृह बघायला खुलं की नाही एवढं लिहा. होडीत सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट ठेवा, आमच्या होडीत चौदा माणसांना सहाच होती. त्या खडकाजवळ एक माणूस उभा करा.

पावसाळ्यात होड्या बंद होतात, त्याआधी बाबांना परत जायचंय, यावेळी वर चढायचंच म्हणतात. तोवर फळा लागला तर पेपर तीनदा वाचायची वेळ येणार नाही.

आपला,
एक वाचक, पेण