वायरमनकाका, तुम्ही बोट ठेवायला लावलंत त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानावर धड पाटी नाही, आणि तुम्ही केलेलं काम डॅशबोर्डच्या मागं झाकलं गेलंय. ते कधी कुणाच्या नजरेला पडणार नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. नाव घालू नका म्हणालात, ते पाळलं आहे.

काम तसं केवढं? 1999 सालची, एसी नसलेली छोटी गाडी आणि तिच्या हीटरच्या ब्लोअरचा, म्हणजे पंख्याचा, स्विच. पण सावंतवाडीहून भर जुलैत आंबोलीचा घाट चढणाऱ्याला विचारा. बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसांचा श्वास, आणि दाणोली मागं पडली की काच आतून अशी धुरकटते की पुढच्या एसटीचे मागचे दिवेसुद्धा दिसेनासे होतात. हीटरच्या जाळीत इंजिनाचं गरम पाणी फिरत असतं, पण पंखाच बंद असेल तर ती ऊब काचेपर्यंत जाणार कशी? एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, आणि बाजूला दरी.

तुमच्याकडे येण्याआधी गाडी तीन ठिकाणी जाऊन आली होती. त्यांची नावं घेत नाही. काय केलं ते मात्र सांगणार, कारण त्याच चुका आजही कुठल्या ना कुठल्या गॅरेजात होत असणार.

पहिल्या ठिकाणी टेस्ट लॅम्प लावला. मोटरच्या दोन्ही वायरींवर दिवा लागला. ‘करंट येतोय, म्हणजे मोटर गेली,’ असा निकाल देऊन नवी मोटर बसवली. आता या गाडीत स्विच मोटरच्या आधी नाही, नंतर आहे, अर्थच्या, म्हणजे गाडीच्या बॉडीकडे जाणाऱ्या बाजूला. अशा जोडणीत फ्यूजकडून आलेले बारा व्होल्ट मोटरमधून पार होतात आणि स्विचच्या तोंडाशी येऊन थांबतात. स्विच आतून जळला असेल तर दोन्ही वायरींवर दिवा लागणारच. उलट ती मोटरची गुंडाळी शाबूत असल्याची खूण. तरी नवी मोटर दोन दिवस चालली, कारण काम करताना स्विचचा प्लग एकदा काढून घातला होता आणि तेवढ्या घासण्यानं लगांवरची, म्हणजे वायरींच्या टोकांना बसवलेल्या पितळी पकडींवरची काजळी निघाली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्या ठिकाणी स्विचवर संशय घेतला, इथपर्यंत बरोबर. मग भंगारातून तसाच स्विच आणला आणि जुन्याच जळक्या प्लगात खुपसला. प्लगातले पितळी लग एकदा तापून काळे-निळे झाले की त्यांचा ताण जातो. स्विचची पाती त्यात सैल बसते, सैल सांधा पुन्हा तापतो, तापला की आणखी सैल होतो. तीन आठवड्यांत तो स्विचही गेला. वर फ्यूज दोनदा उडाला म्हणून 15 अँपिअरच्या जागी 30 चा घातला. याचा राग मला अजून आहे. फ्यूज असतो तो वायरीला वाचवायला. 15 च्या सर्किटमधल्या बारीक वायरीला 30 चा फ्यूज उडेपर्यंत दम धरायला लावला तर आधी वायरच वितळेल, आणि तीही डॅशबोर्डच्या मागं, जिथं हात पोचत नाही आणि धूर उशिरा दिसतो.

तिसऱ्या ठिकाणी बॉनेटसुद्धा न उघडता ‘अख्खं वायरिंग बदलावं लागेल’ म्हणून सांगितलं.

आणि तुम्ही? तुम्ही हत्यार हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारलात: ‘पयलो खयच्या नंबरार बंद पडलो?’ म्हणजे पंख्याच्या चार वेगांपैकी आधी कुठला गेला?

हा प्रश्न आधी एकानंही विचारला नव्हता. निम्मं उत्तर त्यातच असतं. एक, दोन, तीन नंबरवर करंट त्याला अडवणाऱ्या रेझिस्टरमधून जातो, म्हणून पंखा हळू आणि करंट कमी. चार नंबरवर रेझिस्टर मधे नसतो, सगळा भार थेट स्विचच्या एका कॉन्टॅक्टवर. फक्त चार नंबर चालतो आणि खालचे तिन्ही मेलेत, तर रेझिस्टर गेला. तो पंख्याच्याच हवेत गार राहावा म्हणून नळीत बसवलेला असतो, आणि त्याच्यावर पानं-कचरा साचला की तापून त्याच्यातलाच छोटा फ्यूज तुटतो. आधी चार नंबर मेला आणि खालचे चालत राहिले, तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या प्लगात. चारही एकदम मेले, तर फ्यूज, मोटर किंवा अर्थ. आमचा आधी चार नंबर गेला होता, मग नॉब वर दाबून धरला की चालायचा, मग तिसराही अधूनमधून दगा द्यायला लागला. तुम्ही हे ऐकलंत, मान हलवलीत, मोटरकडून स्विचकडे जाणारी वायर जम्परनं, म्हणजे एका सुट्या वायरीनं, बॉडीला टेकवलीत, आणि पंखा भसकन पूर्ण वेगात सुटला. मोटर चांगली, फ्यूजपासूनचा पुरवठा चांगला. दहा सेकंदांत निकाल.

मग नॉब काढलात तो कपडा गुंडाळून सरळ ओढून. स्क्रूड्रायव्हर लावला नाहीत. पंचवीस वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, उचकटलं की मागचे कान तुटतात आणि पॅनल जन्मभर खडखडतं.

यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र. स्विच प्लगातच ठेवून, नॉब पुन्हा अडकवून पंखा चारवर पाच मिनिटं चालवलात. मीटरची एक पिन मोटरच्या वायरीवर, दुसरी बॉडीवर. 2 व्होल्ट, म्हणजे तेवढे स्विच आणि प्लगातच वाया जात होते. चांगल्या स्विचमध्ये हा आकडा एक दशांशाच्या आसपास असायला हवा. डीसी क्लॅम्प मीटर वायरीभोवती धरलात, 18 अँपिअर. (घरगुती वायरमनकडचा साधा क्लॅम्प इथं चालत नाही, त्याला एसी करंटच कळतो.) 2 गुणिले 18, म्हणजे 36 वॅट. सोल्डरिंगची बारीक इस्त्री 25 वॅटची असते. तिच्या दीडपट उष्णता त्या आगपेटीएवढ्या प्लास्टिकमध्ये.

हा हिशेब तुम्ही पुटपुटलात आणि माझं मनगट धरून बोट प्लगाजवळ नेलंत. ‘हंयसर बोट ठेवा.’ चटका बसला. पांढरा प्लग एका कोपऱ्यात बिस्किटासारखा तांबूस झालेला, त्या कोपऱ्यातला लग आत खचलेला, आणि जळक्या बेकलाइटचा वास. तुम्ही म्हणालात, ‘ह्यो खरो आजार.’ बस, तेवढंच.

तीन ठिकाणी गाडी आत गेली आणि मालकाला बाहेर बाकावर बसवलं गेलं. तुम्ही मालकाचं बोट दोषावर ठेवलंत. पटवून देण्यासाठी तुम्हाला त्याची गरज नव्हती. वाट्टेल ते सांगितलं असतंत तरी त्या दिवशी पैसे दिलेच असते. गिऱ्हाइकाला कळायला हवं, हे तुम्हाला मनापासून वाटतं म्हणून तुम्ही ते केलंत.

पुढचं काम थोडक्यात लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. 18 अँपिअर का, याचा शोध तुम्ही सोडला नाहीत. मोटर उतरवली तर नव्या मोटरच्या तीन स्क्रूंपैकी दोनच बसवलेले. मोटर तिरकी, पंख्याची कड घराला घासत होती आणि खाली गुलमोहराची बारीक पानं लगद्यासारखी साचलेली. तिसरा स्क्रू आणि साफसफाई, एवढ्यावर करंट 11 वर आला. ही गोष्ट न बघता शंभर स्विच बदलले असते तरी शंभरही जळले असते. प्लगाजवळची वायर तांबं काळं पडलेलं होतं तिथपर्यंत, चांगली पाच सेंटिमीटर कापलीत, पुढं 2.5 चौरस मिलिमीटरची वायर जोडलीत, 6.3 मिलिमीटरचे नवे पितळी लग क्रिम्प करून (पकडीनं दाबून) वर स्लीव्ह चढवलीत. काळ्या तांब्यावर लग दाबला तर तो आतून कधीच नीट धरत नाही, हे तुम्ही ओरखडा काढून दाखवलंत.

स्विच तुम्ही उघडलात. कॉन्टॅक्टवरचा खड्डा पाण्याच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं बसवलात, घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढलंत. आणि चार नंबरसाठी 30 अँपिअरचा रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, टाकलात. त्याच्या टोकांवर नंबर असतात: 86 ला किल्ली फिरवल्यावर येणारा पुरवठा, 85 ला स्विचचं चार नंबरचं टोक, 30 ला बॉडीचा पक्का अर्थ, 87 ला मोटरची अर्थकडची वायर. आता चार नंबरवर स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, अँपिअरचा पाचवा भागसुद्धा नाही. फ्यूज पुन्हा 15 चा, आणि फ्यूजच्या झाकणाच्या आत पांढऱ्या पट्टीवर तुमच्या अक्षरात ‘ब्लोअर 15 च’. त्या ‘च’ खाली दोन रेघा.

जुनी मोटर कुठं आहे, असंही विचारलंत. ती डिकीत पडून होती. थेट बॅटरीला लावलीत, फिरली, आवाजसुद्धा नाही. तिच्या बुशावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडलात, जास्त सोडलं तर मोटरच्या आतल्या कार्बनवर उतरतं म्हणालात, आणि कागदात गुंडाळून परत दिलीत. जी मोटर गेली म्हणून दुसरीचे पैसे घेतले गेले, ती कधी बिघडलीच नव्हती. तुम्ही त्या गॅरेजबद्दल एक वाईट शब्द काढला नाहीत. मी काढतो आहे, तो माझा.

चांगला माणूस म्हटलं की लोकांना दानधर्म आठवतो. मला आता तिसरा स्क्रू आठवतो. जिथं कुणी पुन्हा कधी उघडून बघणार नाही तिथंही तो घट्ट बसवणारी माणसं आपल्या गावागावांत आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये, एका बल्बाखाली बसलेली, आणि त्यांच्या जोरावर कितीतरी जुन्या गाड्या पावसात घाट चढतात.

सगळं बसवून झाल्यावर पंखा चारवर पंधरा मिनिटं चालू ठेवलात. तेवढ्यात चहा आला. मग पुन्हा, ‘आता ठेवा बोट.’ प्लग गार होता. मीटरवर 0.1. तुम्ही कपातला शेवटचा घोट घेतलात आणि मीटर बंद केलंत.

जूनच्या आधी गाडी घेऊन येतो, काका. जाळीखालची पानं काढायची आहेत, आणि प्लगावर एकदा बोट ठेवून बघायचं आहे.

तुमचा ऋणी,
एक गाडीवाला