जुन्या कॅटामरानला रंग सर्वांत शेवटी द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाळूवरून ढकलत थेट लाटांत नेता येणारी, दोन हलांची (हल म्हणजे पाण्यावर तरंगणारे होडीचे पोकळ अंग) लहान शिडाची होडी, म्हणजेच बीच कॅटामरान, हा प्रकार आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्यामुळे तीस-चाळीस वर्षे जुनी होडी कुठल्या तरी कोपऱ्यातून बाहेर काढून ती पुन्हा पाण्यात उतरवण्याची हौस असलेली माणसे भेटतात आणि मी स्वतः त्यांच्यापैकीच एक आहे. या हौसेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र कामाचा क्रम अनेकदा उलटा लागतो, म्हणजे आधी घासकाम आणि रंग, मग नवे शीड आणि तपासणी जमली तर शेवटी. हा क्रम धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या होड्या टाकून द्याव्यात असे मला मुळीच म्हणायचे नाही. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणारे होबी आल्टर यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस आधी होबी 14 आणि पाठोपाठ होबी 16 या होड्या आणल्या, त्या समुद्रकिनाऱ्यावरून दोन माणसांना सहज उतरवता याव्यात अशा बेताने. होबी 16 सुमारे 5 मीटर लांब, जेमतेम 145 किलो वजनाची आणि एक लाखाहून अधिक संख्येने बनलेली होडी आहे. तिला पाण्यात खाली सोडायचे पाते नसते. प्रत्येक हलची आतली बाजू फुगीर आणि बाहेरची त्या मानाने सपाट ठेवल्यामुळे वाऱ्याखालचा, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा, हलच होडीला बाजूला वाहून जाण्यापासून रोखतो. किनाऱ्याला लागताना मोडण्यासारखे काही खाली नसते, ही त्या रचनेची खरी गंमत आहे. फायबरग्लास लाकडासारखे कुजत नाही, पण एकदा घट्ट झालेले त्याचे रेझिन वितळवून पुन्हा ओतताही येत नाही, त्यामुळे मोडीत काढलेल्या हलचे पुढे काय करायचे हा प्रश्न उरतोच. दुरुस्तीसारखा दुसरा चांगला मार्ग नाही.

अडचण अशी की या हलची ताकद वरून दिसणाऱ्या चकाकीत नसते. अशा अनेक होड्यांत फायबरग्लासच्या दोन पातळ थरांच्या मध्ये फोमचा गाभा असतो आणि तिघे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तोवरच हल ताठ राहतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, आत मुरलेल्या पाण्याने आणि लाटांच्या माऱ्याने वरचा थर गाभ्यापासून सुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि वर ताजा रंग असेल तर मुळीच नाही. मी घेतलेली होडी अशीच रंगवून, पॉलिश करून माझ्या हाती देण्यात आली होती. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने मी उजव्या हलवर नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे हलके ठोकत गेलो. आवाज खणखणीत येत होता. दोन्ही हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या दांड्याच्या हातभर अलीकडे मात्र तो एकाएकी बद्द झाला, आणि तिथे अंगठा दाबल्यावर पृष्ठभाग डब्याच्या पत्र्यासारखा आत जाऊन परत वर आला. पुढचा दांडा ज्या खांबांवर बसतो त्यांच्या आसपासचा हा भाग डोलकाठीचा आणि तारांचा सगळा ताण सोसतो. जोराच्या वाऱ्यात हल दुमडायचा असेल तर तो याच ठिकाणी दुमडतो.

मऊ पडलेला भाग लहान असेल तर तो घरी दुरुस्त होतो. बद्द आवाजाच्या जागेची पेन्सिलीने हद्द आखून घ्यावी, दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतराने बारीक छिद्रे पाडावीत, आणि ती फक्त वरच्या थरातून जातील, आतल्या थराला लागणार नाहीत, याची काळजी घ्यावी. गाभा ओला असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा. यात घाई करणाऱ्याची पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण ओल्या फोमला काहीच नीट चिकटत नाही. मग पातळ इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट रेझिन, सिरिंजने एका छिद्रातून भरत जावे, शेजारच्या छिद्रातून ते वर येईपर्यंत, आणि वर प्लॅस्टिकचा कागद घालून वाळूच्या पिशव्यांचे वजन ठेवावे. दुसऱ्या दिवशी माझ्या हलवर त्याच मुठीने ठोकले तेव्हा आवाज शेजारच्या भागासारखा आला होता. हातभर लांबीचा भाग मऊ असेल, किंवा खांबाच्या बुडाशी तडा दिसत असेल, तर मात्र इंजेक्शनच्या भरवशावर राहू नये. वरचा थर कापून नवे फायबरग्लास चढवावे लागते, आणि ते जमणार नसेल तर त्या हलवर समुद्रात जाऊ नये.

वाळूवरून ओढून ओढून हलचा तळ झिजतो, तोही पाहावा. गळती शोधायला मागच्या निचऱ्याच्या भोकात नळी घट्ट बसवून तिच्यातून तोंडाने हलकी हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. कॉम्प्रेसर लावला तर हलचे सांधे त्या हवेनेच फुटू शकतात.

यानंतर तारा. बहुतेक बीच कॅटामरानची डोलकाठी समोरची एक आणि बाजूच्या दोन अशा तीनच तारांनी उभी असते, त्यामुळे एक तुटली की डोलकाठी खाली येते, आणि येते ती ट्रॅम्पोलीनवर, म्हणजे दोन हलांमध्ये ताणून बसवलेल्या कापडावर, बसलेल्या माणसांच्या दिशेनेही येऊ शकते. माझ्या होडीच्या तारांच्या टोकांना नीटनेटकी टेप गुंडाळलेली होती. ती सोडवल्यावर दाबून बसवलेल्या टोकाशी, जिथे तार धातूच्या नळीत शिरते, तिथे 19 धाग्यांपैकी दोन तुटलेले आणि उरलेल्यांवर गंजाचा तपकिरी डाग दिसला. एक धागा तुटला तरी ती तार बदलायची, यात तडजोड नाही. आणि मागच्या मालकाने तारा कधी बदलल्या हे खात्रीने माहीत नसेल तर तिन्ही नव्या घालाव्यात. होडीच्या सगळ्या दुरुस्तीत यापेक्षा उपयोगी खर्च दुसरा नाही. ॲल्युमिनियमच्या दांड्यांत बसवलेले स्टेनलेस स्टीलचे रिव्हेटही असेच तपासावेत. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजते आणि रिव्हेटभोवती पांढरी भुकटी जमते. उन्हाने कुजलेली ट्रॅम्पोलीनची शिवण बोटाने ओढून पाहिली की लगेच कळते.

डोलकाठीबद्दल एक गोष्ट आवर्जून लिहितो. होबी 16ची डोलकाठी सुमारे 8 मीटर उंच असते, आणि पूर्ण ॲल्युमिनियमची डोलकाठी विजेच्या तारांना लागून माणसे दगावल्यामुळेच 1980च्या दशकात तिचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करण्यात आला. जुन्या होडीवर जुनी, संपूर्ण धातूची डोलकाठी असू शकते. ती उभी करण्यापूर्वी आणि उभ्या डोलकाठीसह होडी हलवण्यापूर्वी प्रत्येक वेळी मान वर करून पाहावे. डोलकाठी आतून पोकळ आणि बंद असावी लागते. तिच्या छिद्रांतून पाणी शिरत असेल तर उलटलेली होडी आडवी न राहता पूर्ण पालथी होते, आणि मग ती सरळ करणे दोघांच्या आवाक्याबाहेर जाते.

पाण्यात उतरल्यावरही जुन्या होडीची घाई करू नये. पहिल्या दिवशी वारा मंद असावा, जोडीला अनुभवी माणूस असावा, आणि एकदा होडी मुद्दाम किनाऱ्याजवळ उलटवून सरळ करून पाहावी. त्यासाठी शिडाच्या दोऱ्या सोडायच्या, डोलकाठीचे टोक वाऱ्याकडे वळवायचे आणि वरच्या हलवरून घेतलेली दोरी धरून दोघांनी मागे झुकायचे, की वारा शिडाखाली शिरून मदत करतो. होडी वर येताच तिचा दांडा पकडायचा, नाहीतर ती माणसाला मागे टाकून निघून जाते. उलटलेली होडी सोडून पोहत किनारा गाठायचा विचार कधीही करू नये.

माझी होडी तिसऱ्या फेरीत प्रथम खऱ्या वाऱ्यात गेली. वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलला गेला, सुकाणूचा कंप थांबला आणि वाऱ्याखालच्या हलची नाळ लाटेत बुडू लागताच आम्ही दोघे मागे सरकलो. ती पुन्हा वर आली. ज्या जागी माझा अंगठा आत गेला होता, ती जागा त्या क्षणी माझ्या गुडघ्यापुढे होती आणि तिने ताण सोसला.

रंग मी त्यानंतर दिला, कारण उघडे इपॉक्सी उन्हाने खराब होते आणि त्यावर आवरण हवेच. पण दुरुस्तीच्या जागांचा रंग मूळ रंगाशी मुद्दाम जुळवलेला नाही. उजव्या हलवरचा तो फिकट चौकोन लांबूनही दिसतो, आणि ही होडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याने ठोकायला तिथूनच सुरुवात करावी.

आपला,
एक नियमित वाचक