ऑझींच्या बातमीत सहा अल्बम राहून गेले

महोदय,

‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या चौघांच्या रॉक बँडचे गायक ऑझी ऑझबर्न यांचं २२ जुलै २०२५ला निधन झालं, त्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मराठी वर्तमानपत्रात हे नाव मी फार क्वचित पाहिलंय, त्यामुळे दखल घेतलीत याचे आधी आभार. पण बातमी दोनदा वाचली आणि वाईट वाटलं. निम्मी बातमी १९८२ साली त्यांनी स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावलं त्याची. उरलेल्या निम्म्यात दारू, नशा आणि टीव्हीवरचा घरगुती कार्यक्रम. ‘ब्लॅक सॅबथ’चं नाव एकदा आलं, ‘पॅरॅनॉइड’ या गाण्याचं एकदा. अल्बम एकही नाही. आपल्याकडे एखादा मोठा गवई गेला की त्याच्या मैफलींबद्दल, रेकॉर्डबद्दल आपण लिहितो. फेब्रुवारी १९७० ते जुलै १९७५ या साडेपाच वर्षांत या चौघांनी सहा अल्बम काढले आणि पुढचं सगळं हेवी मेटल, म्हणजे रॉकचा हा जड प्रकार, त्यावर उभं राहिलं. त्याबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या.

मी भोसरीत राहतो. एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये १९९१पासून डाय फिटर आहे. आयटीआयला असताना एका मित्राने नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट ऐकायला दिली होती. एका बाजूला ‘पॅरॅनॉइड’ अल्बम, दुसऱ्या बाजूला ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’. पहिला जवळजवळ बेचाळीस मिनिटांचा, तो एका बाजूत नीट मावलेला. दुसरा साडेचौतीस मिनिटांचा, त्यामुळे शेवटी दहा मिनिटं कोरी टेप फिरायची. पुढे अजून काहीतरी भरलेलं असेल म्हणून मी तीही ऐकत बसायचो.

दुसरी बाजू लावली की आधी खोकला ऐकू यायचा. कुणीतरी खोकतंय, आणि तोच खोकला पुन्हा पुन्हा, अगदी ठेक्यात. मित्राने टेप करताना त्याचा खोकला आत गेला असं मी धरून चाललो होतो, तसं त्याला म्हणालोही. तो खोकला होता बँडचे गिटारवादक टोनी आयोमींचा. टेपचा तेवढाच तुकडा फिरवून तो ‘स्वीट लीफ’च्या सुरुवातीला मुद्दाम लावलाय. खोकला थांबतो आणि गिटार अशी येते, की क्रेनवरून सुटलेली पत्र्याची थप्पी जमिनीवर पडावी.

लोक ‘पॅरॅनॉइड’ला सर्वांत मोठा अल्बम म्हणतात. त्यात ‘वॉर पिग्ज’ आहे, ‘आयर्न मॅन’ आहे, थोर अल्बम आहे. पण ज्या गाण्याचं नाव आपण छापलंत ते अल्बमला थोडी लांबी कमी पडली म्हणून घाईघाईत केलेलं गाणं आहे. माझ्या मते १९७१चा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ त्याच्या वरचा. त्याचं कारण समजायला आयोमींच्या हाताकडे बघावं लागतं.

आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. सतराव्या वर्षी नोकरी सोडायच्या शेवटच्या दिवशी, न आलेल्या माणसाच्या मशीनवर त्यांना बसवलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या फोरमनने त्यांना जँगो राइनहार्ट यांची रेकॉर्ड आणून ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर वाजवणारा तो गिटारवादक. मग आयोमींनी भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली, घासून बसवली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. कुठल्याही टूलरूमचा माणूस हेच करेल: आधी जमेल तसा नग, मग घासत घासत फिटिंग. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून पातळ तारा लावल्या. आणि ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘इंटू द व्हॉइड’ या गाण्यांसाठी तारा दीड स्वर खाली उतरवल्या, त्यामुळे त्या आणखी सैल पडल्या. बँडचे बेसवादक गीझर बटलर यांनीही बेस गिटार तशीच खाली उतरवली. आज जगभर मेटल बँड जो खोल, जड आवाज काढतात तो इथून आला.

१९९६ साली आमच्या शॉपमध्ये माझ्या शेजारच्या पॉवर प्रेसवर एकाची दोन बोटं गेली. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे पत्रा दाबणारा वरचा जड भाग, खाली येऊ नये म्हणून. उत्पादन वाढावं म्हणून एक बटण दाबून चिकटपट्टी लावून ठेवलेलं होतं. ते मी रोज बघत होतो आणि बोललो नाही, याची खंत आजही आहे. दीड महिन्याने त्याच्या घरी गेलो तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. त्याला हे संगीत अजिबात आवडायचं नाही. आयोमींच्या बोटांचं सांगितलं आणि ‘इंटू द व्हॉइड’ लावलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून त्याने सहा मिनिटं ऐकलं. संपल्यावर विचारलं, “हे अपघाताच्या आधीचं का नंतरचं?” नंतरचं, म्हणालो. “परत लाव,” म्हणाला.

माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. बँडचा पहिला अल्बम, नाव ‘ब्लॅक सॅबथ’च, मला बराच नंतर मिळाला. लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेला. सुरुवातीला पाऊस, चर्चची घंटा, आणि मग तीन सुरांची गिटार. ते सूर मी वडिलांच्या पेटीवर शोधले: सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. बस, एवढंच. यमनात हाच तीव्र मध्यम किती गोड लागतो! इथे आजूबाजूला एकही सूर नाही, नुसत्या षड्जासमोर तो उघडा उभा केलाय, म्हणून अंगावर काटा येतो. वडिलांनी ऐकलं, तीव्र मध्यमावर बोट दाबून ठेवलं आणि म्हणाले, “सोडतच नाहीत रे हे.” सैतानाचं संगीत वगैरे त्यांच्या मनातही आलं नाही.

सैतानाचं निघालंच आहे म्हणून सांगतो, ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’तलं ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणं सरळसरळ देवावरच्या श्रद्धेचं आहे. ‘वॉर पिग्ज’ युद्धं सुरू करून गरिबांना पुढे पाठवणाऱ्या पुढाऱ्यांवर आहे. ‘हँड ऑफ डूम’ लढाईवरून परतलेल्या आणि नशेत बुडालेल्या सैनिकांवर. आणि हे शब्द मुख्यतः बटलरांचे. आपल्या बातमीत ‘ऑझींनी लिहिलेली गाणी’ असं आलंय, ते कृपया दुरुस्त करावं.

मग ऑझींचं काय होतं? आवाज. तो मोठ्या पल्ल्याचा नव्हता, त्यात हरकती-मुरक्या नव्हत्या. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागे जाते. ‘आयर्न मॅन’मध्ये गायक गिटारच्या मागे जातो, सुरावर सूर ठेवून. पण त्या आवाजात खरी भीती आहे, खोल पाण्यात उतरलेल्या मुलाच्या हाकेसारखी. ज्याने हॉर्न तपासायच्या कारखान्यात आणि कत्तलखान्यात काम केलंय, त्याला ती आणावी लागली नसणार. ‘सॅबटाज’ (१९७५) ऐका. जुन्या व्यवस्थापकाशी कोर्टकज्जे चालू असताना केलेला अल्बम, आणि ऑझी एवढ्या चिडून पूर्वी कधी गायले नव्हते. त्यानंतरचे दोन अल्बम मला जमलेले वाटत नाहीत.

ऑझींच्या स्वतंत्र अल्बमपैकी १९८०चा ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ माझ्याकडे कॅसेटवर होता. टेप झिजली म्हणून पुढे २००२ची नवी सीडी पुण्यातून आणली. ‘क्रेझी ट्रेन’ लावलं आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. गिटार तीच, आवाज तोच, पण ठोक्यामागचा हात वेगळा. डेकचा दोष समजून डेक उघडून साफही केला. खरी गोष्ट नंतर कळली: बेसवादक बॉब डेझली आणि ड्रमर ली केर्सलेक यांच्याशी मानधन-श्रेयाचा वाद होता, आणि त्या सीडीत दोघांचं वादन पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं होतं. हे मला पटलेलं नाही, आजही नाही. २०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. केर्सलेक कर्करोगाने आजारी असताना त्यांनी त्या अल्बमच्या प्लॅटिनम डिस्क मागितल्या आणि ऑझींनी त्या पाठवल्या, हेही नोंदवायला हवं. नव्या वाचकांनी हा अल्बम घेताना २००२ची आवृत्ती घेऊ नये.

२०१३चा ‘१३’ आयोमी, बटलर आणि ऑझी यांनी एकत्र येऊन केला. आयोमी तेव्हा कर्करोगाचे उपचार घेत होते. गिटार जबरदस्त आहे, पण ध्वनी इतका दाबून मोठा केलाय की हळू जागाच उरलेली नाही. आणि बँडचे मूळ ड्रमर बिल वॉर्ड नाहीत. त्यांचा हात जॅझवर तयार झालेला, म्हणून इतक्या जड गाण्यांनाही झोका मिळायचा. दुसऱ्या ड्रमरने ठोके बरोबर दिलेत. झोका मिळालेला नाही.

चौघं पुन्हा एकत्र आले ते ५ जुलै २०२५ला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, ते वाढले त्याच अ‍ॅस्टनमध्ये. आपल्याकडे तोवर आषाढी एकादशीची पहाट झाली होती. मुलाने टीव्हीवर लावून दिलं. ऑझींना पार्किन्सन्स (कंपवात) होता, चालता येत नव्हतं, ते काळ्या सिंहासनावर बसून गायले. चारच गाणी झाली. वॉर्ड ड्रमवर होते आणि ‘वॉर पिग्ज’ला पुन्हा तो झोका होता. मिळालेला पैसा पार्किन्सन्सच्या संशोधनाला, मुलांच्या रुग्णालयाला आणि असाध्य आजारी मुलांच्या सेवाकेंद्राला जाणार होता. त्यानंतर सतराव्या दिवशी ऑझी गेले. यातलं काहीही आपल्या बातमीत नव्हतं.

माझी विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत या सहा अल्बमवर एक पान द्यावं आणि ते अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेल्या माणसाकडून लिहून घ्यावं. आमच्या शॉपमध्येच असे तिघं आहेत. माझी नव्वद मिनिटांची कॅसेट अजून चालते. हवी असल्यास कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक नियमित वाचक, भोसरी