शंभर जागांची पोच

कै. इमॅन्युएल सेलर यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही १९८१ साली गेलात, म्हणजे हे पत्र पोचण्याचा प्रश्नच नाही. तरी हिंदी माणसाला अमेरिकेत वर्षाला शंभर जागा आणि नागरिकत्वाची पात्रता देणाऱ्या तुमच्या १९४६च्या कायद्याची, अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसांकडून ही पोच राहून गेली होती.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात भगतसिंग थिंद या पंजाबी माणसाच्या नागरिकत्वाच्या खटल्याचा निकाल लागला. हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब नागरिकत्वाला अपात्र! मग आधी दिलेली नागरिकत्वेही रद्द करण्याचा सपाटा सुरू झाला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती वेळ आली. ते अपील न्यायालयात १९२६ साली जिंकले, पण प्रत्येकाला ते कुठून जमणार? निकालानंतर तेराव्या दिवशी, ४ मार्चला, अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे प्रतिनिधी म्हणून तुमची मुदत सुरू झाली. वकिली कोलंबिया विद्यापीठाची, वय चौतीस.

पुढच्याच वर्षी स्थलांतरितांसाठी देशवार कोट्याचा कायदा आला. १८९०च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक, त्यांच्या दोन टक्के जागा. १८९०च का? इटालियन आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचे मोठे लोंढे त्यानंतरचे, म्हणून. तुम्ही विरोधात बोललात. प्रतिनिधिगृहात ३२३ विरुद्ध ७१ असे हरलात.

त्या कायद्यात किमान कोटा १०० होता आणि कागदावर तो हिंदुस्थानलाही होता. मेख दुसऱ्याच कलमात होती: नागरिकत्वाला अपात्र असलेल्याला प्रवेशच नाही. म्हणजे हिंदुस्थानच्या जागा हिंदी माणसाला नव्हत्याच. नुसता आकडा वाढवून काही होणार नव्हते, अपात्रता काढायला हवी होती. रिपब्लिकन प्रतिनिधी क्लेअर बूथ लूस यांच्यासोबत तुम्ही तेच केलेत. जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीग या अमेरिकेतल्या हिंदी लोकांच्या संघटनेने बाहेरून रेटा लावला आणि २ जुलै १९४६ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी कायद्यावर सही केली.

वर्षाला शंभर हा आकडा थट्टेचाच. त्यातही जन्म कुठलाही असो, वंश हिंदी असला की मोजणी याच शंभरात. पण पात्रता मिळताच कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावावर शेतजमीन घेता येऊ लागली. तिथला जमीन कायदा ‘अपात्र परदेशी’ याच शब्दांवर उभा होता. पंजाबातून आलेले दलीपसिंग सौंद १९४९ला नागरिक झाले आणि १९५६ला थेट तुमच्याच सभागृहात निवडून आले.

पुढे न्यायविषयक समितीचे अध्यक्षपद तुमच्याकडे आले आणि १९६५ला, म्हणजे पहिल्या पराभवानंतर ४१ वर्षांनी, राष्ट्रीय मूळ पाहून जागा देण्याची पद्धतच रद्द झाली. पूर्व गोलार्धाला १,७०,००० जागा, एका देशाला फार तर २०,०००, आणि पसंतिक्रमात उच्चशिक्षित व्यावसायिकांचा वेगळा वर्ग. आमचे डॉक्टर-इंजिनिअर आले ते बरेचसे याच वाटेने. गंमत म्हणजे आशियातून फारसे कोणी येणार नाही, कारण त्यांचे इथे नातेवाईकच नाहीत, असे तुम्ही सभागृहाला सांगितले होते! अंदाज साफ चुकला. त्या चुकीचेही आभार.

स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती तुम्ही समितीत वर्षानुवर्षे दाबून ठेवलीत, तिचे मात्र नाही. १९७२ला एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी पक्षांतर्गत निवडणुकीतच तुम्हाला पाडले, ते योग्यच झाले.

आणि देशागणिक मर्यादा अजून आहे. २०,०००च्या जागी आता एकूण जागांच्या सात टक्के आले, पण मोठ्या देशाला आणि छोट्याला माप एकच. त्यामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची पोरे वर्षानुवर्षे ताटकळतात. तुमच्यासारखा नेमके कलम हेरणारा वकील तिथे अजून हवा आहे.

कळावे,
आपले ऋणी,
अमेरिकेतील काही मराठी नागरिक