३२ बिटच्या यंत्रांविषयी सुधाकरास

अंबाजोगाई,
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर माझ्याकडून एक ओळही गेली नाही, त्याबद्दल तुला जे बोलायचे ते बोल. परंतु आजची गोष्ट घरात कोणाला सांगून उपयोग नाही. माडीवरच्या खोलीतील आपल्या जुन्या संगणकांच्या संग्रहापैकी निम्म्या यंत्रांचा डेबियन या मुक्त लिनक्स प्रणालीशी संबंध सुटत चालला आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरच्या पीसीसाठी कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही आणि ती यंत्रावर बसवणारा इन्स्टॉलरही नाही. पॅकेजेस उरली आहेत ती ६४ बिटच्या यंत्रावर जुने प्रोग्राम चालवता यावेत एवढ्यापुरतीच. दंतवैद्याने माझे दोन दात काढले, यांनी सगळी बत्तिशीच काढली. (प्रकृतीचे वृत्त एवढेच. साखर आटोक्यात आहे.)

डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, मग आताच गळा का काढतोस, असे तू विचारशील. पण संग्रहातल्या प्रत्येक यंत्रावर आजचे मुक्त सॉफ्टवेअर चालले पाहिजे, नुसते विंडोज ९८ लावून पाहुण्यांना दाखवायचे असेल तर ते भंगारात गेलेले बरे, हा नियम आपण दोघांनीच केला होता ना? पेंटियम थ्री, माझा पेंटियम फोर आणि ॲटम एन२७० चा तो चिमुकला लॅपटॉप ही तिन्ही आता त्या नियमाबाहेर जातील. तुझे ॲथलॉन ६४ मात्र नावाप्रमाणे ६४ बिटचे असल्यामुळे वाचले. नांदेडच्या दुकानात त्यावरून जे भांडण झाले त्यात तू जिंकलास असे मात्र समजू नकोस, कारण त्याच्या मदरबोर्डवरचे फुगलेले कॅपॅसिटर लातूरहून नवे आणून मीच बसवले आहेत.

खरी काळजी पेंटियम थ्रीची आहे. आप्पांच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मी त्यावरच ठेवतो, आणि काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नसल्यामुळे मृगापासून हस्तापर्यंतची सगळी नक्षत्रे रोमन लिपीत लिहितो, हे आप्पांना कळले असते तर त्यांनी मला घराबाहेर काढले असते. डेबियनने १३ व्या आवृत्तीत इतर ३२ बिट यंत्रांवर वेळ मोजण्यासाठी ६४ बिटचा आकडा आणला, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून आपल्या आय३८६ ला, म्हणजे इंटेल पद्धतीच्या ३२ बिट पीसीला, तेवढे वगळले. तेव्हा याच मार्गाने पुढे गेलो तर १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी सेकंद मोजणारा ३२ बिटचा आकडा भरून घड्याळ उलटून डिसेंबर १९०१ मध्ये जाईल, आणि माझा पाऊस निजाम मीर महबूब अली खानांच्या राज्यातल्या मोमिनाबादेत, म्हणजे तेव्हाच्या अंबाजोगाईत, पडू लागेल. त्यांना दोष तरी कसा द्यावा? स्वयंसेवकांचे काम आहे, आणि ही यंत्रे अजून वापरणारे उरलेत तरी किती!

मग उरते नेटबीएसडी, बीएसडी घराण्यातली मुक्त प्रणाली. मार्च २०२४ च्या दहाव्या आवृत्तीतही आय३८६ आहे, आणि वेळेचा प्रश्न त्यांनी २०१२ मध्येच सहाव्या आवृत्तीत सोडवला. हॉस्टेलवर रात्र रात्र तू बीएसडीच्या परवान्याची वकिली करायचास आणि मी, वाटलेला कोड खुलाच ठेवायला लावणाऱ्या जीपीएल परवान्याची. कोणीही कोड घेऊन कुलूपबंद करावा ही मुभा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे माझे मत आजही तसूभर बदललेले नाही. तरीही आप्पांचा पाऊस तुझ्या पक्षाकडे सोपवावा लागेल असे दिसते. ॲटमवर डेबियन १२ च ठेवून त्याचे इंटरनेट तोडावे आणि पेंटियम फोरवर आधी प्रयोग करावा, असा विचार आहे. तिथे ध्वनी आणि नेटवर्कची कार्डे चालली तरच पेंटियम थ्रीला हात लावीन. एवढ्या कमी रॅममध्ये तुझा अनुभव काय, ते सविस्तर लिही. नुसता विजयोत्सव करू नकोस.

मीनाक्षीचे प्रमोशन झाल्याचे कळले, तिला अभिनंदन सांग. नव्या घराचे रंगकाम संपले का? वास्तुशांतीची तारीख कळव.

पेंटियम थ्री यूएसबीवरून बूट होत नाही आणि इथे कोऱ्या सीडी विचारल्या की दुकानदार हसतात. पुण्यात मिळाल्या तर येताना थोड्या घेऊन ये.

तुझा,
माधव